कपिलरच्या वाटेने : पुरनानूरूच्या गावांतून

'पुरनानूरु' हा प्राचीन तमिळमधील चारशे कवितांचा संग्रह आहे. त्यातील दोन कविता पूर्णपणे हरवल्या आहेत आणि काही तुटक अवस्थेत उरल्या आहेत. चेर, चोळ आणि पांड्य राजांची, तसेच डोंगराळ मुलखांत राज्य करणाऱ्या लहान सरदारांची स्तुती हा त्यांतील बहुतेक कवितांचा विषय असून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तो काळ आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी गावोगावची ताडपत्रे जमवून, पाठभेद पडताळून १८९४ मध्ये हा संग्रह छापला, तेव्हा कुठे तो सर्वसामान्य वाचकांच्या हाती आला. राजाची स्तुती म्हटली की भाटांची अतिशयोक्ती डोळ्यांपुढे येते. या संग्रहात मात्र जिंकणाऱ्याची जशी स्तुती आहे तशीच त्याने ज्याला रणात पाडले त्याचीही आहे, आणि कवी राजाला त्याच्या तोंडावर त्याची चूक सांगतो. बहुतेक कवितांच्या शेवटी एक छोटी पुष्पिका असते, आणि कोणत्या कवीने, कोणत्या राजाविषयी, कोणत्या प्रसंगी ही कविता म्हटली, हे तीत नोंदलेले असते. त्या पुष्पिकांतील गावे नकाशावर शोधून, पोंगलचा सण आटोपल्यावर, जानेवारीच्या अखेरीस आम्ही पती-पत्नी तमिळनाडूत फिरून आलो.

पहिला दिवस : तिरुक्कोविलूर

चेन्नईहून विळुप्पुरम आणि तेथून बसने तिरुक्कोविलूर, हा प्रवास सहज होतो. बहुतेक प्रवासी येथे त्रिविक्रमाच्या भव्य देवळासाठी येतात. आम्ही आधी नदीकडे गेलो. दक्षिण पेन्नै नदीच्या पात्रात एक प्रचंड गोलसर खडक उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर विटांचे लहानसे देऊळ आहे. लोक त्याला कपिलर कुन्रु, म्हणजे कपिलरची टेकडी, म्हणतात.

कपिलर हा या संग्रहातील सर्वांत थोर कवींपैकी एक. परंबु डोंगराचा सरदार पारी हा त्याचा आश्रयदाता आणि जिवलग मित्र होता. तिन्ही मोठ्या राजांनी मिळून पारीला संपवले. पोरक्या झालेल्या दोन मुलींना घेऊन कपिलर सरदारांच्या दारोदार फिरला आणि 'या पारीच्या मुली आहेत, यांचा स्वीकार करा' म्हणून विनवू लागला. विच्चिकोन या सरदाराने नाही म्हटले, इरुंगोवेळनेही नाही म्हटले. त्या विनवण्याही संग्रहात आहेत आणि नकारानंतरचा कवीचा संतापही आहे. मुलींची जबाबदारी पार पडल्यावर मात्र त्याने जगण्यात अर्थ नाही असे ठरवले. पारीच्या मृत्यूनंतर म्हटलेल्या कवितेत तो मित्राला विचारतो की, तू मला मागे ठेवून गेलास, तेव्हा आपली मैत्री तुला पुरेशी वाटली नाही का? आणि पुढच्या जन्मी तरी नियतीने आपल्याला एकत्र ठेवावे, अशी इच्छा व्यक्त करतो.

नदीकाठच्या वीरट्टेश्वराच्या देवळात पहिल्या राजराजाच्या काळातील एक शिलालेख आहे. पारीची मुलगी मलैयमान घराण्यात देऊन कपिलरने अग्निप्रवेश केला, असा उल्लेख त्यात आहे. कवितांच्या परंपरेत तो उत्तरेकडे तोंड करून अन्नत्यागाने गेला, असे सांगितले जाते. तपशिलात फरक असला तरी त्याच्यानंतर सुमारे हजार वर्षांनी, चोळांच्या साम्राज्यात, एका कवीच्या मृत्यूची आठवण दगडावर कोरण्याइतकी जिवंत होती, हे मला फार मोठे वाटते. देवळातील गुरुक्कळांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, भिंतीचा तो भाग हाताने दाखवला. आम्ही महाराष्ट्रातून केवळ यासाठी आलो आहोत हे कळल्यावर त्यांनी पत्नीला 'अम्मा, थोडे थांबा' म्हणून बसवले आणि आतून चिंचेच्या भाताचा प्रसाद आणून दिला. ईशान्य मोसमी पाऊस संपून महिना-दीड महिना झाला होता, त्यामुळे पात्रात वाळूच्या पट्ट्यांमधून पाण्याच्या दोन-तीन धारा वाहत होत्या आणि खडकापर्यंत चालत जाता आले.

येथे येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तमिळनाडूतील बहुतेक जुनी देवळे दुपारी बारा ते चार बंद असतात. सकाळी देऊळ, दुपारी जेवण आणि विश्रांती, उतरत्या उन्हात नदी, असा क्रम ठेवल्यास दिवस वाया जात नाही. पावसाळ्यात, विशेषतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, खडकाकडे जाण्याचा विचार करू नये.

दुसरा दिवस : जंबै

तिरुक्कोविलूरहून जंबै हे गाव फार लांब नाही. सकाळी धुके होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. गावाबाहेरच्या टेकडीवर एक नैसर्गिक गुहा आहे आणि तिच्यात तमिळ-ब्राह्मी लिपीतील एका ओळीचा लेख आहे. तो १९८१ मध्ये उजेडात आला. त्याचा अर्थ असा : 'सतियपुतो अदियन नेडुमान अंजी याने दिलेली गुहा'.

ही एक ओळ इतकी मोलाची का, हे सांगायला हवे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात साम्राज्याबाहेरच्या दक्षिणी शेजाऱ्यांमध्ये चोळ, पांड्य आणि केरळपुत्र यांच्याबरोबर 'सतियपुत' हे नाव येते. हे सतियपुत कोण, यावर विद्वानांमध्ये पुष्कळ वाद झाला होता. दुसरीकडे पुरनानूरूमध्ये अदियमान नेडुमान अंजी हा तगडूरचा, म्हणजे आजच्या धर्मपुरीचा, सरदार अव्वैयार या कवयित्रीच्या अनेक कवितांमधून भेटतो. जंबैच्या लेखात ही दोन्ही नावे एकत्र आली. ज्याला आपण केवळ कवितेतला नायक समजत होतो, तो माणूस दगडावर स्वतःच्या घराण्याच्या नावासह उभा राहिला.

टेकडीची वाट शेतांच्या बांधांवरून जाते. एका शेतकऱ्याने काम थांबवून आम्हांला गुहेपर्यंत नेले. परतताना वाटेत एक आजी मीठ-तिखट लावलेले आवळे विकत बसल्या होत्या आणि आवळा हातात घेताना अव्वैयारची ती प्रसिद्ध कविता आठवणे अपरिहार्य होते. अदियमानला दुर्गम कड्यावरचा एक दुर्मीळ आवळा मिळाला. तो खाणाऱ्याला दीर्घायुष्य लाभते, हे ठाऊक असूनही त्याविषयी एक शब्द न बोलता त्याने तो अव्वैयारला देऊन टाकला. तेव्हा ती त्याला म्हणते, 'निळ्या कंठाच्या देवासारखा तू चिरकाल राहा.' मी आजींना अव्वैयारचे नाव घेतले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी दोन आवळे जास्त दिले. येथे लहान मुलांनाही ही गोष्ट येते.

अदियमान पुढे चेर राजाशी लढताना मारला गेला. त्याच्यावर अव्वैयारने म्हटलेल्या शोककवितांपैकी एक मी गुहेच्या सावलीत मोठ्याने वाचली. त्याच्या नावाने दगड उभारला आहे, त्याला मोरपिसे बांधली आहेत, आणि लोक लहानशा भांड्यातून मद्य ओतत आहेत. उंच शिखरांचा मुलूख देऊ केला तरी ज्याने घेतला नसता, तो हे एवढेसे घेईल का, असे ती विचारते. तमिळमध्ये अशा दगडाला नडुकल म्हणतात. आपल्याकडे गावाच्या वेशीवर आणि देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात आणि आपण बरेचदा त्यांना ओलांडून पुढे जातो. त्यांच्यासमोरचा शोक कसा असेल, हे मला येथे प्रथमच शब्दांत ऐकू आले.

लेख पाहण्यासाठी सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जावे, कारण तिरपा प्रकाश असल्याशिवाय अक्षरांच्या खाचा दिसत नाहीत. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा भुकटी लावण्याचा मोह कोणी करू नये. त्याने दगडाची हानी होते. संध्याकाळी विळुप्पुरमहून गाडी पकडून आम्ही तिरुच्चिरापळ्ळी गाठली.

तिसरा दिवस : कोविलवेण्णि आणि उरैयूर

तंजावरला आमचे एक स्नेही भेटले. त्यांचे घराणे भोसल्यांच्या काळापासून तेथे आहे. घरी तंजावरी मराठी बोलतात आणि शिक्षण सगळे तमिळमधून झालेले आहे. कविता मूळातून ऐकायची संधी त्यांच्यामुळे मिळाली. तंजावरहून नीडामंगलमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोविलवेण्णि आहे. सांबा भाताची कापणी चालू होती, रस्त्याच्या एका बाजूला भात वाळत घातले होते आणि बसचालक ते चुकवत जपून बस हाकत होता.

हेच वेण्णिचे रणांगण मानले जाते. येथे तरुण करिकाल चोळाने चेर राजा पेरुंजेरल आदन याचा पराभव केला. चोळाचा भाला चेराच्या छातीतून आरपार जाऊन पाठीवर जखम झाली. पाठीवरची जखम म्हणजे पळून गेल्याची खूण, म्हणून ती लाज असह्य होऊन चेर राजा हातात तलवार घेऊन उत्तरेकडे तोंड करून बसला आणि अन्नपाणी सोडून त्याने प्राण दिला. या व्रताला वडक्किरुत्तल म्हणतात.

विजयी करिकालाची स्तुती करायला वेण्णि कुयत्तियार ही त्याच गावातील कवयित्री पुढे येते. तिच्या नावावरून ती कुंभाराच्या घरातली असावी असे मानतात. ती आरंभ रीतीप्रमाणे करते : ज्यांनी वाऱ्याला कामाला लावून समुद्रात जहाजे हाकली त्यांच्या वंशजा, मत्त हत्तींच्या करिकाला, तू चाल करून गेलास आणि जिंकलास, तुझे सामर्थ्य दिसले. आणि मग त्याच श्वासात विचारते, पण पाठीवरच्या जखमेने लाजून जो उत्तरेकडे तोंड करून बसला, तो तुझ्यापेक्षा थोर नव्हे काय?

स्नेह्यांनी ती कविता देवळाबाहेरच्या पारावर बसून दोनदा म्हटली. मूळ कविता जेमतेम आठ ओळींची आहे. जिंकलेल्या राजाला हे ऐकवणारी गावातील एक बाई, ते ऐकून घेणारा राजा आणि ती कविता त्याच्याच स्तुतीत धरून जपणारे संकलनकार, या तिघांचाही मला मनापासून आदर वाटतो. पुष्पिकेत या कवितेचा प्रकार 'राजाचा विजय' असाच नोंदला आहे. विजयाच्या वर्णनात पराभूताच्या थोरवीला जागा आहे, अशी त्या काळच्या काव्यशास्त्राची समज होती.

गावातील शिवमंदिर करुंबेश्वराचे आहे. लिंगाचा आकार उसाच्या मोळीसारखा आहे आणि मधुमेह बरा व्हावा म्हणून येथे लांबून लोक येतात. रवा आणि साखर एकत्र करून आवारात मुंग्यांना घालण्याची प्रथा आहे. फुलांच्या दुकानातील बाईंनी आमच्या हातात तसे एक पुडके दिले आणि पैसे घ्यायला नकार दिला. रणांगणाची खूण सांगणारे फारसे काही येथे नाही, भातशेती आणि तळे आहे; तरीही कवितेचे पान हातात घेऊन यायला ही जागा उत्तम आहे.

दुपारनंतर उरैयूर. चोळांची ही जुनी राजधानी आता तिरुच्चीचा एक दाट वस्तीचा भाग आहे. हातमागाच्या साड्या, रहदारी, आणि वेक्काळी अम्मनचे छत नसलेले, आकाशाला उघडे गर्भगृह. याच नगरात नेडुंकिळ्ळी हा चोळ कोंडून घेऊन बसला होता आणि बाहेर नलंकिळ्ळी या दुसऱ्या चोळाने वेढा दिला होता. तेव्हा कोवूर किळार हा कवी त्यांना समजावतो : समोरच्याच्या गळ्यात चेरांचे ताडफूल नाही, पांड्यांचे कडुनिंबाचे फूलही नाही. तुझीही माळ आरची, त्याचीही आरची. कोणीही हरला तरी तुमचेच कुळ हरणार, आणि आनंद होईल तो इतर राजांना. चोळांचे हे आर म्हणजे आपल्या आपट्याच्या जातीचे झाड, असे मानतात. याच कवीने, हेर समजून मारल्या जाणाऱ्या एका दुसऱ्या कवीलाही उरैयूरमध्ये वाचवले होते. पक्ष्याप्रमाणे गावोगाव उडत जाऊन, मिळेल ते वाटून खाणाऱ्या कवींकडून कोणाला कसला धोका, असे त्याने राजाला विचारले.

चौथा दिवस : पिरान्मलै

पारीचा परंबु डोंगर म्हणजे शिवगंगा जिल्ह्यातील, सिंगंपुणरीजवळचा पिरान्मलै. पहाटे तिरुच्चीहून मोटारीने निघालो. बसनेही जाता येते, परंतु दोनदा गाडी बदलावी लागते आणि चढाईसाठी सकाळचा गारवा हातचा जातो. मैदानातून अचानक उठलेला हा एकटा डोंगर दुरूनच ओळखू येतो. पायथ्याशी तीन पातळ्यांवर वसलेले शिवमंदिर आहे, ज्याची स्तुती शैव संतकवी संबंदरांनी केली आहे, आणि अगदी माथ्यावर दर्गा आहे. वाटेत देवळात जाणारे आणि दर्ग्याला जाणारे असे दोन्ही प्रकारचे भाविक एकमेकांना पाणी देत चढत होते.

वेढा घालणाऱ्या तीन राजांना उद्देशून कपिलरने म्हटलेली कविता या डोंगरासमोर उभे राहून वाचायला हवी. तो म्हणतो, हा डोंगर घेणे सोपे आहे असे समजू नका. नांगर न धरता येथे चार पिके येतात : बांबूचे दाणे, फणस, रानातील कंद आणि मध. प्रत्येक झाडाला एक हत्ती बांधा, प्रत्येक शेतात रथ उभे करा, तरी तलवारीने तो मिळणार नाही. तो कसा मिळेल हे मला ठाऊक आहे. हातात याळ हे तंतुवाद्य घ्या, तारा छेडा, गाणाऱ्या-नाचणाऱ्या विरलींना घेऊन याचक म्हणून या, म्हणजे पारी मुलूखही देईल आणि डोंगरही देईल. दुसऱ्या कवितेत तो सांगतो की मुलखातील तीनशे गावे याचकांना आधीच देऊन झाली आहेत. आता उरलो आहोत आम्ही दोघे आणि हा डोंगर.

रानातल्या मुल्लै वेलीला, म्हणजे जाईच्या जातीच्या वेलीला, आधार नाही असे पाहून पारीने आपला रथ तिच्यासाठी सोडून दिला, ही त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा. देवळाच्या राखणदाराने ती आम्हांला इतक्या आत्मीयतेने सांगितली की जणू काही तो प्रसंग त्याच्या आजोबांनी पाहिला होता.

चढाईला आमच्या चालीने दीड-दोन तास लागले. दहानंतर ऊन तापले, सावली कमी होती आणि माकडांनी पत्नीच्या हातातील केळी ओढून नेली. माथ्यावरून चहूकडे पसरलेले तलाव दिसतात, ज्यांना या भागात कण्माय म्हणतात. एकाचा बांध वाकडा, अर्धगोल होता, आणि मला कपिलरची चार-पाच ओळींची ती कविता आठवली : खडक आणि टेकडी यांना जोडणारा, अष्टमीच्या चंद्रासारख्या वाकलेल्या काठाचा, निर्मळ पाण्याचा लहानसा तलाव आता फुटतो आहे. पारी गेल्यावर राखणारे कोणी उरले नाही, एवढेच त्यातून समजते. शोकाचा एकही शब्द तीत नाही.

खाली उतरल्यावर एका खानावळीत कुळी पणियारम, म्हणजे आपले आप्पे, मिळाले. सोबत लसणाची लालभडक चटणी होती. शेजारच्या दुकानातील बाईंनी मध घातलेले राळ्याचे पीठ, तिनै मावु, चाखायला दिले. आम्ही का आलो हे सोबत आलेल्या तंजावरच्या स्नेह्यांनी सांगितले, तेव्हा त्या माउलीने हातातील काम ठेवले आणि 'अट्रैत् तिंगळ अव्वेण्णिलविल' अशी सुरुवात करून पारीच्या मुलींनी म्हटलेली कविता पूर्ण म्हणून दाखवली. त्या महिन्यात, त्या शुभ्र चांदण्यात, आमचे वडील होते आणि आमचा डोंगर दुसऱ्याच्या हाती नव्हता. या महिन्यात, या शुभ्र चांदण्यात, विजयाचे नगारे वाजवणाऱ्या राजांनी आमचा डोंगर घेतला आणि आम्हांला वडील नाहीत. पाच ओळींची ही कविता मी पुस्तकात अनेकदा वाचली होती. डोंगराच्या सावलीत, पिठाने माखलेल्या हातांनी ताल धरत ती म्हणणाऱ्या बाईंच्या आवाजात ऐकताना माझे डोळे भरून आले.

पिण्याचे पाणी पुरेसे घ्यावे, खाण्याच्या वस्तू पिशवीत बंद ठेवाव्यात आणि शक्यतो सहाच्या सुमारास चढायला लागावे.

पाचवा दिवस : पुगळूर

शेवटी पुगळूर, म्हणजे करूरजवळच्या वेलायुदंपाळैयम येथील आरुनाट्टार मलै ही टेकडी. माथ्यावर मुरुगनचे देऊळ आहे आणि उतारावरच्या कपारींत जैन मुनींसाठी कोरलेल्या शय्या आणि तमिळ-ब्राह्मी लेख आहेत. चेंगायपन या मुनीसाठी ही जागा कोणी कोरवून घेतली ते एका लेखात सांगितले आहे : आदन चेल इरुंपोरै याचा मुलगा पेरुंगडुंगोन, आणि त्याचा मुलगा इळंगडुंगो युवराज झाला तेव्हा. चेर राजांच्या तीन पिढ्या येथे ओळीने येतात. पुराभिलेखांचे अभ्यासक इरावतम महादेवन यांनी या लेखाची सांगड 'पदिट्रुप्पत्तु' या चेरांच्या स्तुतिकाव्यातील सातव्या, आठव्या आणि नवव्या दशकांच्या, म्हणजे दहा-दहा कवितांच्या गटांच्या, नायकांशी घातली आणि अनेक अभ्यासक ती मानतात.

सातव्या दशकाचा नायक सेल्वक्कडुंगो आणि कवी पुन्हा कपिलरच. पारी परत न येण्याच्या ठिकाणी गेला आहे हे सांगूनच तो या राजापुढे उभा राहतो. मी दीनपणे मागायला आलो नाही, तुझी कीर्ती ऐकून आलो, असे म्हणतो. पुरनानूरूमध्ये याच दोघांचा एक प्रसंग आहे. राजा कपिलरचा हात हातात घेऊन म्हणतो, 'किती मऊ हात आहे तुझा!' कवी उत्तर देतो की अंकुश आणि धनुष्य धरून तुझे हात कठीण झाले. तुला गाणाऱ्यांना मांस आणि भात खाण्यापलीकडे श्रमच ठाऊक नाहीत, म्हणून आमचे मऊ. मित्राचा घात ज्या तिघांनी केला त्यांत चेर होतेच, आणि तरी कपिलरला त्या घराण्यातील एका चांगल्या माणसाचा हात झिडकारावासा वाटला नाही. आठव्या दशकाचा पेरुंजेरल इरुंपोरै याने तगडूर घेतले, अव्वैयारचा अदियमान संपवला. तोच राजा, पवित्र नगाऱ्याच्या आसनावर चुकून झोपलेल्या मोसिकीरनार या कवीला ठार न करता पंख्याने वारा घालत उभा राहिला, अशी कविताही आहे. एका कवयित्रीने ज्याच्यामुळे आकांत केला त्याच्याविषयी दुसरा कवी कृतज्ञ आहे, आणि संकलनकारांनी दोघांच्याही कविता ठेवल्या.

टेकडी लहान आहे आणि पायऱ्या सोप्या आहेत, परंतु दगड दुपारी भाजतो आणि देवळाच्या वाटेवर अनवाणी चालावे लागते, तेव्हा सकाळीच जावे. लेखांपर्यंतची वाट देवळात विचारली की सांगतात. रस्त्यावर या दिवसांत ताडाचे उकडलेले कोंब, पणंकिळंगु, मिळतात. धागे काढून, मिरी-मीठ लावून खावेत. तमिळ येत नसल्यास कवितांचे क्रमांक कागदावर लिहून न्यावेत. आवळ्याची ९१, वेण्णिची ६६, उरैयूरची ४५, परंबुची १०९, पारीच्या मुलींची ११२, मऊ हातांची १४. क्रमांक दाखवला की शिक्षक, विद्यार्थी, पुजारी यांपैकी कोणी ना कोणी मदतीला येते, असा आमचा अनुभव आहे. आम्ही रेल्वेच्या सोयीने उत्तरेकडून सुरुवात केली. कपिलरचे आयुष्य ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने ज्यांना जायचे असेल त्यांनी मदुरैला उतरून आधी पिरान्मलै, मग पुगळूर आणि शेवटी तिरुक्कोविलूर असा मार्ग आखावा.